मोजणी

रस्त्यावर आडवी टाकलेली काळी रबरी नळी,
तिच्या टोकाला कुलूपबंद पेटी.
चाक गेलं की पेटीत आकडा वाढतो.
मिसुरीच्या रस्ते खात्याला एवढंच हवंय:
हॅकबेरी ओढ्याच्या पुलावरून
दिवसाकाठी गाड्या जातात किती.
शंभर भरल्या तर अर्ज पुढे सरकेल.

मी काउंटीची कारकून. इतिवृत्त माझ्याकडे असतं.
त्यात लिहिलंय: पूल लोखंडी, एकतीस सालचा,
वजनमर्यादा पाच टन,
तिसऱ्या तुळईला गंज, बोट आत जाईल इतका.
लिहिलंय: रणभूमीच्या निधीतून पैसा मिळणार नाही,
कारण लढाईतला पूल लाकडी होता
आणि तो लढाईतच जळला.
हा पूल, पत्रात म्हटलंय, पुरेसा जुना नाही.
त्यावर व्हर्ना म्हणाली, मग हाही जाळून बघू या का?
हे मी लिहिलं नाही.

व्हर्ना स्टफलबीन शाळेची छोटी बस चालवते.
पुलाच्या अलीकडे थांबते, दार उघडते.
एकोणीस मुलं उतरतात, चालत पलीकडे जातात,
आणि मागून रिकामी बस
पोट आत ओढून घेतलेल्या माणसासारखी.
पाय जुळवू नका, ती रोज ओरडते,
सैनिकांसारखं नको, मेंढरांसारखं चाला!

टेकडीवरच्या ग्रॅनाइटला कधी पैसा कमी पडला नाही.
दोन्हीकडच्या मेलेल्यांची पतवंडं
लांबच्या शहरांतून धनादेश पाठवतात,
कोरलेल्या अक्षरागणिक सात डॉलर.
मोरीवर कुणाला आजोबांचं नाव नको असतं.

पहिल्या आठवड्याची सरासरी: एक्केचाळीस.

दुसऱ्या आठवड्यात रात्री मला झोप येईना.
खिडकीतून पाहिलं,
पुलावरून एक उजेड गेला,
थोड्या वेळाने तोच परत आला.
उजवा दिवा मंद, म्हणजे डेल्मर योकमचा पिकअप.
वय एकोणऐंशी, गुडघा नवा, बायको गेल्या वर्षी गेलेली.
गेला. आला. गेला.
दोन वाजता थांबला, बहुतेक कॉफीला.
मग पुन्हा.

रणभूमीच्या फलकावर एक गोष्ट आहे,
सहलीची मुलं ती वाचून हसतात.
त्या ऑक्टोबरात इथल्या कर्नलकडे माणसं होती दोनशे.
रात्रभर त्याने तीच शेकोट्यांसमोरून फिरवली,
टेकडीमागून वळवून पुन्हा, पुन्हा.
पलीकडे अंधारात कुणीतरी मोजत बसलं होतं.
पहाटे त्याने लिहिलं: दोन हजार.
घाबरून त्यांनी पूल पेटवला,
आणि अलीकडे राहून गेलेले त्यांचेच साठजण
पुराच्या पाण्यात उतरले.
बेरीज खोटी होती. साठ खरे.
तोही कारकूनच असणार, मला वाटतं,
माझ्यासारखा, थंडीने आखडलेल्या बोटांचा.

सकाळी दुकानात डेल्मर भेटला.
डोळे लाल, पेट्रोलची पावती खिशातून डोकावत होती.
झोप झाली का, मी विचारलं.
छान झाली, तो म्हणाला.
त्याची पणती त्या एकोणिसांत आहे.

मी पेटीचं कुलूप काढलं.
एकशेबारा.
अर्जात रकाना होता: आकड्याबाबत शेरा.
पेन बराच वेळ तिथेच अडकलं.
मग लिहिलं: शेरा नाही.

उत्तर यायचंय. नळी अजून तिथेच आहे.
दुपारी साडेतीनला मुलं उतरतात, पाय न जुळवता,
आणि नळीवरून जातात.
त्यांना चाकं नाहीत, म्हणून नळीला ती कळत नाहीत.
डेल्मरची पणती, क्लीओ, सगळ्यांच्या मागे राहते,
दप्तरासकट दोन्ही पायांनी नळीवर उडी मारते,
वाकते,
पेटीला कान लावून विचारते:
आले का मी आत?